कोड्यातला अमेरिकन संगीतकार

लग्न होऊन मी वडशाला आले तेव्हा माझे सासरे तिथे स्टेशनमास्तर होते. नागपूरचं इंग्रजी वर्तमानपत्र दुपारच्या गाडीने यायचं. मी मॅट्रिक झालेली, म्हणून मामंजी मला शब्दकोड्याला सोबत घ्यायचे. नद्या, राजे, फळं आम्हाला जमायची. पण अमेरिकेतले संगीतकार आणि त्यांची बक्षिसं मिळवलेली संगीत नाटकं आली, की आमचं घोडं अडायचं.

एका हिवाळ्यात मिशनच्या दवाखान्यातली अमेरिकन नर्सबाई फलाटावर गाडीची वाट पाहत बसली होती. मामंजींना संकोच वाटला, त्यांनी मलाच पाठवलं. मी कोडं पुढे केलं आणि अडलेला शब्द दाखवला. संगीतकाराचं नाव, सात अक्षरी. तिने ते लगेच लिहून टाकलं.

"याची नाटकं मला फार आवडतात," ती तुटक मराठीत म्हणाली.

बाजूला गावात प्रयोग लावायला आलेली एक नाटक मंडळी सामानावर बसली होती. त्यांच्या पेटीमास्तरांनी मला विचारलं, "काय म्हनून राह्यली बाई?"

"त्यांच्याकडच्या गाण्यांच्या नाटकाबद्दल बोलताहेत."

"तिकडंबी गान्याचं नाटक असते? मंग एखादं म्हनाले सांगा ना!"

मी सांगितलं. ती लाजून लाल झाली, पण गायली. आवाज आधी कापरा होता, मग मोकळा झाला. पेटीमास्तरांनी पेटी उघडली आणि चाचपडत तिची चाल धरली. मामंजी ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. गाडी आली तेव्हा गाणं संपलं नव्हतं. उरलेलं तिने डब्याच्या खिडकीतून म्हटलं.

पुढच्या आठवड्यात ती परतली, तर पेटीमास्तर तिला शोधतच आले. "बाई, तुमची चाल आमी नाटकात लावली. लोकायनं वन्समोर देल्ला!"

'वन्समोर' तिला जरा उशिरा कळलं. मग ती बाकावर बसून हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. मी तिला घरी चहाला नेलं.

"गावी मी अशा नाटकांत गात होते," ती म्हणाली. "इकडे आल्यापासून मला कुणी गायला सांगितलं नव्हतं."

मंडळीचा पुढचा प्रयोग वैनगंगेपलीकडच्या गावात होता. तिने दवाखान्यातून रजा काढली. मामंजींनी बैलगाडी ठरवून दिली, आणि आम्ही दोघी प्रयोगाला गेलो.