जावयांनी घातलेलं लिनक्स
आमच्या या कानडी शहरात कोप्पीकर रोडवर शेजारी कुणी सुगंधी गुटख्याची पुडी फोडली, की मी अजून नाकाला पदर लावते आणि आमच्या पुढच्या खोलीतला तो कॉम्प्युटर डोळ्यांपुढे येतो. आईने सांगितलेली बाळंतिणीची सगळी औषधं मी त्यात एका बोटाने, दोन वर्षं खपून टाइप केली होती. आई तोवर गेलेली, आणि तिच्या तोंडून उतरवून घेतलेले कागद टाइप होतील तसे मी बंबात घातलेले. दिवाळसणाला आलेले जावई म्हणाले, "विंडोज आता म्हातारं झालं, लिनक्स घालून देतो. जुनंही राहील, चालू करताना हवं ते निवडायचं." मी म्हटलं, "अहो, आईचं आहे त्यात, आधी सीडीवर घ्या." तोंडातला गुटखा सांडू नये म्हणून मान वर करून ते म्हणाले, "एनू आगंगिल्ल, आई, काही होत नाही," आणि पडद्यावरचा प्रश्न न वाचताच बटण दाबलं. सगळी डिस्क पुसली गेली. विंडोज गेलं, औषधं गेली. तर खिडकीतून माझ्या तुळशीजवळ पचकन थुंकून हसतात कसे, "त्यात काय, मेडिकलमध्ये सगळं मिळतं की!" लेक डोळ्यांनी मला गप्प करत होती. जावई पडले ना! मी पाट मांडला, बासुंदी वाढली, वर "घ्या हो, संकोच करू नका" असा आग्रहही केला. तो माझा गोड आवाज आठवला, की आज त्या थुंकीपेक्षा त्याचीच जास्त किळस येते.