बहुधाभाऊ असं लिहिणार नाहीत

गेलेला माणूस फॉरवर्ड पाठवत नाही.

पण आधी तब्येती विचारते.
शैला, चक्कर थांबली का?
पैठणच्या वन्सं, गुडघा काय म्हणतो?
गणपत, वाळूजच्या रात्रपाळीत तुझी शुगर वर गेली होती, आता कशी आहे?
विद्या, सकाळपासून पोटात काही घातलंस का?

रीत म्हणून विचारत नाहीये. शेवटपर्यंत वाचा.

आज प्रभाकरभाऊंना जाऊन वर्ष झालं. विद्याचे मिस्टर. पडेगावात आमच्या पिठाच्या गिरणीला लागूनच त्यांचं घर.

ते राहायला आले ती टँकरची वर्षं. रोज नवा प्लॉट पडायचा, नवं घर उठायचं, आणि पाणी कुणाच्याच नळाला नाही.

मला या माणसाचा पहिल्यापासून संशय. दिवसभर घरात, कॉम्प्युटरसमोर. काय करता विचारलं तर म्हणे, आरोग्याचं काम.

"डॉक्टर आहात व्हय?"
"नाही."
"कंपाउंडर?"
"नाही, आक्का."
"मग लोकांनी काय करावं ते सांगणारे तुम्ही कोण?"

रागावले नाहीत. ओट्यावर बसून समजावून सांगितलं. डॉक्टर लोक अभ्यास करून पेपर लिहितात. ते वाचायचे, त्यातलं पक्कं किती, कच्चं किती ते बघायचं, आणि गावातल्या आशाताईला वाचून दाखवता येईल असं एका पानात उतरवायचं.

"म्हणजे दळणाआधी धान्य निवडतात तसं."
"बहुधा," ते म्हणाले.

हा त्यांचा शब्द. पाऊस येईल का? बहुधा. टँकर येईल का? बहुधा. गल्लीनं त्यांचं नाव बहुधाभाऊ ठेवलं. त्यांना माहीत होतं. हसायचे.

एका उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून काय करावं, याचं पान चाललं होतं. मी म्हटलं, खिशात कांदा ठेवा, हे आधी लिहा. आमचे वडील जन्मभर ठेवायचे, कधी ऊन लागलं नाही.

"दुपारी कुठं असायचे?"
"घरी. झोपायचे."
"मग कांद्यानं वाचवलं का झोपेनं?"

मी लई चिडले. माझ्या वडिलांवर संशय!

त्यांनी मात्र खरंच शोधलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "आक्का, कुठं पुरावा सापडला नाही. बहुधा उपयोग नाही." पानावर लिहिलं : कांदा ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर भर दुपारी बाहेर पडू नका.

वरच्या साहेबाला ते 'बहुधा' खुपायचं. लोकांना ठणकावून सांगा, तरच ऐकतात, असं त्याचं म्हणणं. प्रभाकरभाऊ म्हणाले, जेवढं माहीत आहे तेवढंच लिहीन.

आणि तेच प्रभाकरभाऊ मे महिन्यात गाडीवर पैठणकडच्या गावांना निघाले, तर खिसा फुगलेला. मी बोट दाखवलं.

"कांद्याचा पुरावा नाही, आक्का. बायको रागावते याचा आहे."

एकच वाक्य ते 'बहुधा' न लावता लिहायचे. प्रत्येक पानाच्या तळाला असायचं.
डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी बंद करू नका.

आता मुद्द्याचं.

गेल्या आठवड्यात शैला दळण घेऊन आली आणि पिठाच्या पोत्यावरच बसली. डोळ्यांपुढं अंधारी. बीपीची गोळी घेतली का विचारलं, तर म्हणे बंद केली.

"कुणी सांगितलं?"
"प्रभाकरदादांनीच. ग्रुपवर आलंय की."

डॉक्टरकडं नेलं. बीपी भलतंच वर. आता बरी आहे.

मग तिच्या मोबाईलवर तो मेसेज बघितला. वर प्रभाकरभाऊंचा फोटो. खाली 'डॉ. प्रभाकर यांचा शेवटचा सल्ला'. एक काढा रोज प्या, बीपी-शुगरच्या गोळ्या कायमच्या बंद, शंभर टक्के खात्री. काढा कशाचा ते मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या तेवढंच फॉरवर्ड होईल.

तळाला पावडर मागवायचा नंबर. मी लावला.

"ज्यांचा फोटो टाकलाय ते वारलेत," म्हटलं.
"अच्छा अच्छा. मॅडम, पार्सल कुठं पाठवायचं?"

विद्याकडं जायला पाय उचलेना. कारण मेसेज तिच्याकडंही आला होता, आणि तिनं तो जपून ठेवला होता. म्हणाली, "त्यांनीच कधीतरी लिहून ठेवलं असेल, आक्का. जाताना सुद्धा लोकांची काळजी."

मी म्हटलं, "एकदा मोठ्यानं वाच."

तिनं वाचलं. मग परत वाचलं, या वेळी मनात.

"यात बहुधा नाही," ती म्हणाली.

"मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का. तर म्हणाले, बहुधा." हसली, आणि मग रडली. वर्षभरात मी तिला तशी रडताना बघितली नव्हती. मग तिनं स्वतःच्या हातानं तो मेसेज पुसला.

तुमच्या मोबाईलवरचा अजून आहे. मला संशय आहे, गोळी बंद करणारी शैला एकटी नाही. तुमच्यापैकी दोघातिघांचा तर पक्का संशय आहे. लाजून सांगत नाही तुम्ही.

माझ्यावरही विश्वास ठेवू नका. मी गिरणीवाली बाई. आपल्या डॉक्टरला विचारा.

प्रभाकरभाऊ, तुमच्या नावानं खोटं चाललंय, ते आम्ही दोघी थांबवू. बहुधा.
तुम्हाला नमस्कार.

आणि बाकीच्यांनो, खाली हात जोडू नका, 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहू नका. त्यांना ती पोचली.
गोळी चालू का बंद, एवढंच लिहा.
लवकर लिहा. मी मोबाईल घेऊन बसले आहे.