आधी तुम्ही जा

कोलेस्टेरॉलच्या गोळीने माझ्या मांड्या इतक्या दुखत की जिना चढवेना. कुणाला न सांगता ती सोडायची, असं ठरवूनच मी नाशिकच्या दवाखान्यात बीपी तपासायला गेलो. शेजारी नामपूरकडचे एक कांदा व्यापारी बसले होते. मला मांडी चोळताना पाहून त्यांनी विचारलं आणि मी मनातलं बोलून गेलो.

त्यांनी शर्टाची दोन बटणं काढून छातीवरचा बायपास ऑपरेशनचा व्रण दाखवला.

"मीबी अशीच गुपचूप सोडली होती. डॉक्टरला सांगा, दुसरी गोळी देतात."

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. त्यांनी मलाच पुढे केलं. "आधी तुम्ही जा. बसून राहिलात तर सांगायचेच नाय तुम्ही."

डॉक्टरांनी रक्त तपासून गोळी बदलली. महिन्याभरात पाय मोकळे झाले. त्या माणसाचं नावही मला ठाऊक नाही, पण रोज गोळी घेताना मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार करतो.