रीडर गप्प होता, पण झडप आतच होती

मंगळवारी दुपारी खिदिरपूरच्या आमच्या गोडाऊनमध्ये जेवायचा डबा उघडला आणि हावड्याच्या एका हॉस्पिटलमधून फोन आला. सात वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशन दोन दिवसांनी ठरलेलं, पण तिची तब्येत एकदम ढासळली... डॉक्टरांनी ते त्याच संध्याकाळी करायचं ठरवलं.

त्यांना सगळ्यात लहान मापाची कृत्रिम झडप हवी होती. हे माप क्वचितच लागतं, म्हणून कोणी जास्त ठेवत नाही. आमच्या कॉम्प्युटरवर एकच शिल्लक दिसत होती. मी लगेच सांगून टाकलं, "आहे. पाठवते."

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही नाशिकहून कोलकात्याला आलो आणि मला इथे हॉस्पिटलचं सामान पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. गेल्या वर्षी मालकांच्या मागे लागून मी गोडाऊनमध्ये आरएफआयडी सुरू करून घेतलं. प्रत्येक खोक्यावर एक स्टिकर... त्याच्या आत पातळ अँटेना आणि तिळापेक्षाही लहान चिप. बॅटरी वगैरे काही नाही.

हातातल्या रीडरमधून रेडिओ लहरी निघतात. त्यांच्याच ऊर्जेवर ती चिप क्षणभर जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते. बारकोडसारखं खोकं डोळ्यांसमोर धरावं लागत नाही, ढिगाच्या तळाशी असलं तरी बहुतेक वेळा सापडतं. हवा तो नंबर टाकून फिरायचं... जवळ जाल तसा रीडर भराभर वाजू लागतो.

आमचे गोडाऊन इन-चार्ज मुखर्जीदा यांना हे कधीच पटलं नव्हतं. "दीदी, मशीन तो मशीन है," एवढंच म्हणायचे आणि सगळा माल स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्यायचे.

मी झडपांच्या रॅकपाशी गेले. खोक्याची जागा रिकामी होती.

नंबर टाकून रीडर चालू केला. एकही बीप नाही. पुढची रांग, मागची रांग, पॅकिंगचं टेबल, वरचा माळा... सगळीकडे तो मुका. मुखर्जीदाही माझ्याबरोबर खोकी उलटीपालटी करत होते. हॉस्पिटलमधून पुन्हा फोन आला. त्यांनी दुसरीकडेही विचारलं होतं, पण शहरात कुणाकडेच ते माप नव्हतं. मुलीला ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याची तयारी सुरू झाली होती.

माझ्या एका शब्दावर ते सगळे थांबले होते.

"दीदी, माल बाहेर तर नाही गेला?" मुखर्जीदांनी हळूच विचारलं.

मी दारावरच्या मोठ्या रीडरची नोंद काढली. त्या दारातून आत-बाहेर जाणारं प्रत्येक खोकं तो टिपतो. आमचं खोकं आत आलं होतं... बाहेर गेलंच नव्हतं.

म्हणजे ते इथेच होतं आणि तरीही उत्तर देत नव्हतं. मग लख्ख आठवलं... या लहरी पाणी शोषून घेतं आणि धातू परतवतो. इतका वेळ मी आवाज येईल अशा जागा शोधत होते. शोधायला हवं होतं जिथून आवाज येऊच शकत नाही तिथे.

"मुखर्जीदा, आपल्याकडे पाणी कुठे आहे?"

ते एकदम वळून म्हणाले, "सलाइन!"

कोपऱ्यात सलाइनच्या बाटल्यांची खोकी छतापर्यंत रचलेली होती. बाटल्या म्हणजे पाणीच की... आणि मागे लोखंडी पत्र्याचं पार्टिशन. मुखर्जीदांनी हमालांना हाक मारली आणि स्वतःही बाह्या सरसावल्या. वरचे थर उतरले, रीडर गप्पच. मधली रांग बाजूला झाली तेव्हा एक बीप आला. मी आत हात घालून रीडर पुढे नेला आणि तो असा काही वाजत सुटला की हमालांनीही काम थांबवलं.

पत्र्याला टेकून आमचं छोटं पांढरं खोकं पडलं होतं. माल लावताना कुणी सलाइनच्या खोक्यांवर ठेवलं असणार आणि ते मागे घसरलं असणार. सील शाबूत, माप तेच.

मुखर्जीदांनी ते दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिलं. "चलो, दीदी," म्हणाले आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलेसुद्धा. विद्यासागर सेतूवरून आमची गाडी निघाली तेव्हा खाली हुगळी उन्हात चमकत होती आणि मी खोकं मांडीवर घट्ट धरलं होतं. हॉस्पिटलच्या दारात सिस्टर वाटच बघत होती. खोकं घेऊन ती अक्षरशः धावत गेली.

रात्री डॉक्टरांचा मेसेज आला... ऑपरेशन छान झालं.

काल मी त्या मुलीला बघायला गेले. तिचं नाव मिष्टू. आईचा हात धरून वॉर्डमध्ये सावकाश चालत होती. मी कोण ते सिस्टरने तिच्या आईला बंगालीत सांगितलं. आईने मला पलंगावर बसवलं आणि मिष्टूला माझ्या अगदी जवळ आणलं. "शोनो," म्हणाली. ऐका.

मी कान जवळ नेला. अशी यांत्रिक झडप उघडमीट करताना बारीक आवाज करते, हे मला फक्त माहितीपत्रकात वाचून ठाऊक होतं... टिक, टिक, टिक. मिष्टूला गुदगुल्या झाल्या आणि ती खुदकन हसली.

आजवर बरीच यंत्रं शिकले, हाताळली. पण एखादं यंत्र इतकं गोड वाजताना मी पहिल्यांदाच ऐकलं.