आहेरात आलेली चिप आणि बावड्याचे दोन घाट

नवी डिझेल फोर-बाय-फोर घेतल्यावर पहिली सहल कुठं काढावी, असं बरेच जण विचारतात. कुठंही काढा. फक्त मेव्हण्याला बरोबर नेऊ नका.

बारा वर्षं जुनी छोटी गाडी रेटल्यावर गेल्या महिन्यात ही घेतली. शाहूपुरीत आमचं पाण्याच्या पंपांचं दुकान आहे, त्याच्यासमोर पूजा ठेवली. माझी बायको वैशाली हिचा धाकटा भाऊ उदय हुपरीहून आला. तिथं घरातच त्याचं पैंजणांचं काम चालतं. त्यानं ताट पुढं केलं. टॉवेल, टोपी, नारळ आणि वर काडेपेटीपेक्षा जरा मोठी काळी डबी. म्हणाला, "दाजी, ही चिप. गाडीला आहेर."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही डबी इंजिनाच्या सेन्सरच्या वायरीत मध्ये बसते आणि गाडीच्या संगणकाला खोटं सांगते की डिझेलचं प्रेशर कमी पडतंय. तो बिचारा विश्वास ठेवून जास्त डिझेल सोडतो आणि गाडी जोरात पळते. शोरूमवाल्यानं मात्र किल्ली देतानाच बजावलं होतं की वायरिंगला बाहेरचं काही जोडलं तर इंजिनाच्या वॉरंटीचं नाव काढू नका.

आता आहेर तर परत करता येत नाही. आमच्याकडे आहेराची टोपी डोक्यावर बसत नसली तरी चार माणसांत घालून दाखवावी लागते. नाकारली की माणूस दुखावतो, आणि वैशालीला भाऊ एकच. म्हणजे एकीकडं बायकोचं माहेर आणि दुसरीकडं बारा वर्षांच्या बचतीचं इंजिन. चिप कधी बसवायची, असं उदयनं सगळ्यांदेखत विचारलं. मी म्हणालो, "बघू की."

त्यानं लगेच बेत आखला. दोन दिवसांची सहल, एक घाट चिपेशिवाय, एक चिप लावून, मग तुम्हीच ठरवा. माझा होकार तो धरूनच चालला होता.

शनिवारी सकाळी सातला निघालो. वैशाली माझ्या शेजारी, उदय मागच्या सीटवर, डबी त्याच्या मांडीवर. पन्हाळ्याचा रस्ता चांगला आहे, पाऊण तासात वर पोचता. वर जाताना गाडीमागं प्रवेशकर भरावा लागतो, सुट्टे ठेवा. चढाला लागलो तसा मागून आवाज आला, "वडत न्हाय ओ दाजी." गाडी व्यवस्थित ओढत होती. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. गडावर झुणका-भाकर घेतली, सोबत दही आणि ठेचा, तिघांत साडेतीनशे रुपये. भाकरी थापणाऱ्या मावशींनी नवी गाडी का, एवढंच विचारलं, तर उदयनं त्यांना अख्खी चिप समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि आणखी एक भाकरी वाढू का विचारलं. त्या दिवसातलं सगळ्यात शहाणं बोलणं ते.

पन्हाळ्यावरून खाली उतरून कळ्यामार्गे गगनबावड्याचा रस्ता धरला. थंडीत जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ऊसतोडीचे दिवस असतात, रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. नकाशा दीड तास सांगत असेल तर अडीच धरा. प्रत्येक ट्रॅक्टरमागं उदय सांगायचा की चिप असती तर एका दमात काढली असती. समोरून तेवढाच मोठा ट्रॅक्टर येत असताना कुठं काढणार, हे मी मनातच विचारलं. वैशाली खिडकीतून बाहेर बघत होती. ती या विषयावर एक शब्द बोलत नव्हती आणि मला तिचाही राग यायला लागला होता.

बावड्यात अठराशेला बऱ्यापैकी खोली मिळाली, उदयसाठी वेगळी गादी टाकून दिली. डिझेल मात्र कोल्हापुरातच भरून निघा. हवा अशी की संध्याकाळी पाचलाच बॅगेतून स्वेटर काढून घालावा लागला. गगनगिरीच्या बाजूला उभं राहिलं की खाली कोकण धुरकट दिसतं, आणि मी पाच मिनिटं खरोखर सुखी होतो.

रविवारी करूळ घाट उतरून वैभववाडीला चहा घेतला. उदयनं बॉनेट उघडलं. "बसवू न्हवं?" मी पुन्हा म्हणालो, "बघू की." चहाचा कप खाली ठेवेपर्यंत डबी बसलेली होती.

परत वर यायला भुईबावडा घाट घेतला. रस्ता अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत, हॉर्न वाजवत जा. खोटं कशाला बोलू, पहिले तीन-चार किलोमीटर गाडी अशी उचलत होती की मीसुद्धा हसलो. उदयनं माझ्या खांद्यावर थाप मारली. आणि मग एका उभ्या चढावर समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीतला जीवच गेला. पाय पूर्ण दाबला तरी वीसच्या वर जाईना. मागं एसटी लागली आणि ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. जागा मिळाली तिथं बाजूला घेतली. एसटीचा कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "पावणं, नवी हाय न्हवं?" त्या प्रश्नानं मला जेवढं लागलं तेवढं दिव्यानं लागलं नव्हतं.

उदयनं डबी काढली. गाडी बंद करून चालू केली. दिवा तसाच. मी संतापलो होतो. उदय मात्र धीर देत होता. सोमवारी शोरूमला न्यायची, चिपेचं नाव काढायचं नाही, काढून टाकल्यावर कुणाला काय कळतंय, वॉरंटीत करून देतात.

तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदा वैशाली बोलली. "उदय, तुझ्या पैंजणाला गिऱ्हाइकानं दुसरीकडनं डाग लावून आणला, आणि मग ते तुटलं, तर तू फुकट करून देतोस?" डाग लावणं म्हणजे चांदीचा सांधा तापवून जोडणं. हुपरीत हा शब्द रोजचा.

"कशाला दीन? परक्याचा डाग लागला की ते माझं काम ऱ्हायलंच न्हाय."

"आणि गिऱ्हाईक म्हणालं, डाग लावलाच न्हाय?"

"आक्का, चांदी बोलती की. बघितल्या बघितल्या कळतंय..." आणि तो थांबला. मग हातातली डबी त्यानं बॅगेत तळाशी टाकली.

वीस-तीसच्या वेगानं बावडा गाठला आणि तसंच पुढं कोल्हापूर. येताना ट्रॅक्टरवाल्यांनी आम्हाला मागं टाकलं. उदय साळवण गेलं, कळे गेलं तरी बोलला नाही, आणि ते 'वडत न्हाय' बरं होतं असं वाटायला लागलं.

सोमवारी सर्व्हिस सेंटरला पोचलो तर उदय दारात उभा. हुपरीहून पहिल्या बसनं आला होता, मी बोलावलं नव्हतं. तिथल्या माणसानं लॅपटॉप जोडला आणि विचारलं, बाहेरचं काही बसवलं होतं का. 'नाही' माझ्या जिभेवर तयार होतं, घरून पाठ करूनच आलो होतो.

उदय पुढं झाला. "व्हय. चिप बसवलीती, मी बसवलीती. दाजी नको म्हणत हुते, मीच ऐकलं न्हाय."

त्या माणसानं ते लिहून घेतलं. दिवा घालवून दिला, सुदैवानं काही बिघडलेलं नाही म्हणाला, पण संगणकात नोंद राहिली आहे आणि पुढं इंजिनाची तक्रार आली तर ती आधी बघितली जाईल. तेव्हा तुमची गाडी नवी असेल आणि चिप बसवायची का असा प्रश्न असेल, तर माझं उत्तर तुम्हाला मिळालं. दोन्ही घाट कंपनीच्या इंजिनावर मजेत होतात. मी पुन्हा जाणार आहे.

उदयला आग्रह करून घरी जेवायला आणलं. तो हात धुवायला गेला तेव्हा वैशालीनं हळू आवाजात विचारलं, तुम्ही त्याला नको कधी म्हणालात? मी आठवून बघितलं. पूजेच्या दिवशी नाही, पन्हाळ्यावर नाही, वैभववाडीला बॉनेट उघडलं तेव्हाही नाही. एकदाही म्हणालो नव्हतो. तिला ते माहीत होतं, उदयलाही माहीत होतं, आणि तरी तिघांत दोन दिवस चिडलेला मीच होतो.