माय बोलली नाही ती सकाळ

मूल गावच्या बसस्टँडवर मायनं तांदळाच्या भाकरी फडक्यात बांधून हातात दिल्या, माझी कॉलर सरळ केली आणि गाडी सुटेपर्यंत धानाच्या गिरणीकडे पाहत राहिली. मी श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, व्हायला बोधगयेला निघालो होतो. तिनं एकदा 'जा' म्हणावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. ती बोलली नाही.

बाप जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या आजारपणात माझा धीर सुटला तो सुटलाच. मरणाची भीती घेऊन जगायचं कसं, हे बुद्धानं जिथं शोधलं तिथं जाऊन बसावं, एवढंच डोक्यात होतं. बुद्धाची गोष्ट मला बापानंच सांगितलेली. गावात बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाण्यावरून भांडण झालं की हमखास सांगायचा. सिद्धार्थाच्या शाक्यांचं आणि शेजारच्या कोलियांचंही नदीच्या पाण्यावरूनच पेटलं होतं, युद्ध नको म्हणून सिद्धार्थानं घर सोडलं. शेवटी बोट वर करून म्हणायचा, "चोरावानी नाई गेला तो. मायबापाले इचारून गेला."

बोधगयेत बोलणं हिंदी, जेवण खिचडी, सोबतीला सिलोन-ब्रह्मदेशचे भिक्खू. त्यांच्या गोष्टीत सिद्धार्थ बायको-लेकरू झोपेत असताना निघून जातो. बापाची गोष्ट खरी म्हणून मी हमरीतुमरीवर यायचो. पण उपसंपदेची, म्हणजे पुरता भिक्खू होण्याची वेळ आली तेव्हा अडलो. त्या विधीत सगळ्यांसमोर विचारतात, आईवडिलांची परवानगी आहे का? बुद्ध आमंत्रण गप्प राहूनच स्वीकारायचा, तेव्हा मायचं गप्प राहणं होकारच, असं मनाला समजावून पाहिलं. मन ऐकेना. म्हाताऱ्या भंतेंना सांगितलं तर ते हसून म्हणाले, "जाओ, पूछ के आओ."

गावी रोवणा नुकताच लागला होता. माय चिखलात वाकलेली, हातात धानाची रोपं. मी बांधावरूनच विचारलं. पाठ सरळ न करता ती म्हणाली, "त्या दिशी तोंड उघडलं असतं तं रडली असती. मंग तू गेला असता का?" दोनचार रोपं लावून झाल्यावर पुन्हा म्हणाली, "व्हाचं आहे तं हो भिक्खू. पण पावसाळा सरला का दरवर्षी दारात येत जा. मले उभा दिसला पायजे."

तेव्हापासून वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपला की येतो. विहारात उतरतो आणि सकाळी पात्र घेऊन आपल्याच दारात उभा राहतो. माय भात वाढते, 'भंतेजी' म्हणून पाया पडते. पहिल्या वर्षी 'मंगल हो' म्हणालो, 'माय' म्हणता आलं नाही.

गावात राहिलेल्यांनो, आणि भिलाईला, नागपूरला गेलेल्यांनो, तुम्ही विचारता, आता तुमचं घर कुठलं? भिक्खूला घर नसतं, असं मी लोकांना सांगतो खरं. पण भिक्षेला उभ्या भिक्खूनं हाक मारायची नसते, गप्प उभं राहायचं असतं. मायला आता कमी ऐकू येतं, दार उघडायला कधी फार उशीर लागतो. मरणाच्या ज्या भीतीपायी घर सोडलं, ती त्या दारात माझ्याआधी येऊन उभी असते. आतून कडी वाजेपर्यंत ती भीती काही हलत नाही.