अबेलोनेची तोंडी परवानगी

अबेलोने आत्सा बोलतच नाही असं नाही. पण जे उत्तर चेहऱ्यानं देता येतं, त्यासाठी आवाज खर्च करणं तिला उधळपट्टी वाटते. भुवया वर गेल्या की हो. नाक आक्रसलं की नाही. पूर्व ग्रीनलंडमधलं ते सगळं गावच असं बोलतं म्हणा. पण बाकीची माणसं अधूनमधून तोंड तरी उघडतात. ती आणि तिचा नवरा, चाळीस वर्षं बर्फातल्या भोकाशी सीलची वाट बघत गप्प बसलेली माणसं. त्यांचं एकदा तीन दिवस कडाक्याचं भांडण चाललं होतं म्हणतात. शेजाऱ्यांना पत्ताही लागला नाही.

आत्सा म्हणजे आत्या. खरी ती फक्त थिमोची, तिच्या भावाच्या मुलाची. बाकी गावानं तिला न विचारताच आपली करून घेतली.

अशा बाईला ग्रामपरिषदेनं परवानग्या द्यायच्या कामाला बसवलं.

त्याचं कारण गेल्या ऑगस्टात घडलं होतं. नारव्हेल, म्हणजे लांब सुळ्याचे देवमासे, वर्षातून चार-पाच दिवस गावापलीकडच्या खाडीत शिरतात. इंजिनाचा आवाज त्यांना अजिबात खपत नाही. शिकारीसुद्धा इंजिन बाहेर बंद करून कयाकनं, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीनं, आत जातात. गेल्या वर्षी कुणा हौशी पाहुण्यांची बोट भर वेगात आत घुसली. देवमासे वळले ते गेलेच. हिवाळाभर गावात मात्ताकचा, म्हणजे त्यांच्या चरबीसकट कातडीचा, तुकडाही नव्हता. थिमोच्या धाकटीच्या बाप्तिस्म्याला पाहुण्यांपुढे नुसता केक ठेवावा लागला. तो अजून मान खाली घालून हे सांगतो.

तेव्हापासून नियम झाला. पर्यटक असो की कॅमेरेवाले, खाडीत शिरण्याआधी देखरेख करणाऱ्या माणसाची तोंडी परवानगी हवी. आत्सानं शिकाऱ्यांच्या बैठकीत शब्द दिला, "यंदा एकही इंजिन आत जाणार नाही." तिचं एवढं लांब वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि ऑगस्टात कोपनहेगनहून रिक्के आली. डोक्याला लाल टोपी, सोबत दोन कॅमेरे, भाड्याची बोट. सरकारी कागद सगळे जागच्या जागी. राहिली होती ती फक्त आत्साची परवानगी.

त्या सकाळी आत्सा आणि थिमो टेकडीवरच्या झोपडीत दुर्बीण घेऊन बसले होते. रेडिओ खरखरला.

"अबेलोने, आम्ही खाडीच्या तोंडाशी आहोत. आत येऊ का?"

आत्सानं नाक आक्रसलं. चांगलं सणसणीत. मग रेडिओ खाली ठेवून ती कॉफी ओतू लागली.

थिमो बघतच राहिला. "आत्सा, उत्तर दे ना तिला."

"दिलं."

"अगं, तिला तुझं नाक कुठून दिसणार?"

"नियमात काय लिहिलंय? तोंडी. नाक काय पाठीवर असतं?"

"अबेलोने?" रेडिओ पुन्हा म्हणाला. "ऐकू येतंय का?"

"नाही म्हण," थिमो म्हणाला. "एक शब्द आहे. दात दुखणार नाहीत."

"असं धडधडीत? पाहुण्या बाईला?"

तिचंही चूक नव्हतं. तिथं 'नाही' हा शब्द उघड्या तोंडानं कुत्र्यांना म्हणतात. माणसांना नव्हे. माणसांना म्हणतात, 'इम्माका'. बघू. गावात कुणी 'बघू' म्हटलं की समोरचा मुकाट्यानं घरी जातो.

आत्सानं घसा साफ केला. रेडिओ उचलला. "इम्माका. बघू."

"वा! आम्हालाही बघायचंच आहे!" रिक्के म्हणाली. बोटीचं नाक आत वळलं.

थिमोनं दुर्बीण डोळ्यांना लावली. "आत्सा. आले ते. हिमनगाच्या मागून. आठ... दहा... आणि बोट मधोमध."

आत्साची कॉफी मांडीवर सांडली. तिनं रेडिओ तोंडाशी धरला. "नाही!"

"बटण, आत्सा! बटण दाब!"

"नाही!" आत्सा ओरडली. "नाही म्हणजे नाही! इंजिन बंद! कॅमेरा बंद! आहात तिथंच बसा. खोकूसुद्धा नका!"

त्याच चॅनेलवर अख्खं गाव होतं. दुकानात रांगेतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कोण ओरडलं ते कुणालाच कळेना. तो आवाज कुणाच्या ओळखीचाच नव्हता.

इंजिन थांबलं. बोट पाण्यावर पडून राहिली. देवमासे तिच्या दोन्ही बाजूंनी, हात पुढे केला तर पाठीला लागेल इतक्या जवळून, एकामागून एक आत गेले. आत्सा उभी राहून मोजत होती. चौदा. मग ती खाली बसली. थिमो तोवर शिकाऱ्यांना सांगायला धावत अर्धी टेकडी उतरला होता.

दोन दिवसांनी त्याच्या घरी सगळं गाव जमलं. परातीत मात्ताक होतं. दारातून येणारा प्रत्येक जण आधी कानांवर हात ठेवायचा. "आत्सा, हळू हं." आत्सा भिंतीकडे बघत बसली होती.

रिक्केलाही बोलावलं होतं. "बोटीला खेटून गेले," ती म्हणाली. "आणि माझा कॅमेरा बंद!"

आत्साचा चेहरा उतरला. "कॅमेऱ्याचं मी रागात म्हटलं. नियमात तसं नव्हतं."

"काल काठावरून घेतलं थोडं. पण नुसत्या पाठी दिसतात. लांबून."

"आम्हीही जन्मभर तेवढंच पाहिलंय," आत्सा म्हणाली. "बाकीचं पाण्याखाली असतं. खा."

रिक्केला यावर काहीतरी म्हणायचं होतं. पण तिच्या तोंडात मात्ताक होतं, आणि ते लवकर चावून होत नाही.